आधी मॅगझिन, शेवटी माणूस

परवा सकाळी मांडवीला समुद्रावर जाऊन आलो आणि परत येताना चहाच्या टपरीवर बसलो. शेजारी आमच्या खात्यातला एक रिटायर कारकून येऊन बसला. आंब्याला मोहोर कमी, बोटींना मासळी कमी, गुडघे दुखतात, एवढं सगळं बोलून झालं. मग मी सहज म्हटलं, "नागवेकर गेला, कळलं काय? विरारला मुलीकडे होता, तिथंच गेला."

तर हा माणूस बिस्कीट चहात बुडवत म्हणतो, "कोण नागवेकर? तो आर्मोरर? ज्याच्या निष्काळजीपणानं रायफल अडकली तो?"

मी कप खाली ठेवला. पुढं त्याला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. टपरीवाल्याला मध्ये पडावं लागलं. घरी आलो तरी डोकं थंड होईना, आणि घरात ऐकायला कोणी नाही. बायको होती तेव्हा मी दारातूनच सुरू व्हायचो. ती म्हणायची, "आधी चपला काढा, मग शिव्या द्या." आता चपला काढतो आणि शिव्या भिंतीला देतो. म्हणून म्हटलं, लिहून काढू. मी चौथी शिकलेला. ऱ्हस्वदीर्घ छापणाऱ्यानं बघावं. मजकुराला मात्र हात लावायचा नाही.

आमचं खातं कुठलं ते सांगत नाही. रत्नागिरीत खाकी घालणारी आणि बंदुका बाळगणारी खाती एकापेक्षा जास्त आहेत, त्यातलं एक समजा. मी तिथं सुतार होतो. खुर्च्या, कपाटं, खिडक्या, आणि रायफलींच्या लाकडी बटी, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग. बट फुटली, भेगाळली, पावसानं फुगली की माझ्याकडे यायची. रिटायर झाल्यावरसुद्धा रोजावर मलाच बोलवायचे, कारण नवीन कोणी भरला नाही. बंदुका ठेवायच्या खोलीला आमच्यात कोत म्हणतात. त्या कोतीच्या पडवीत माझा रंधा चालायचा आणि जाळीच्या पलीकडे आर्मोरर नागवेकरचं टेबल होतं. आर्मोरर म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा हवालदार. अर्धं आयुष्य आम्ही एका जाळीच्या दोन बाजूंना काढलं.

नागवेकर बुटका, मानेला जाड, आणि नळीतून बघून बघून त्याचा डावा डोळा कायम अर्धा मिटलेला. नवीन माणसाला वाटायचं, हा आपल्याला डोळा मारतो. एका मेमसाहेबांनी तक्रारसुद्धा केली होती. घर कोळ्याचं, बापाची होडी होती, पण हा मासे चमच्यानं खायचा. हाताला तेलाचा वास असतो, तो माशाला लागतो म्हणे. माझ्या बायकोला हे बघवायचं नाही.

"भाऊजी, बांगडा चमच्यानं खातात होय? तुमच्या आवशीनं बघितलंन तर होडीतून खाली ढकलील."

"वैनी, आवशीनंच दिलंन हा चमचा. बाबा इंजिनाचं काम करून यायचा, त्याला पण दिलान होता."

खरं-खोटं त्याला ठाऊक. चमचा मात्र तो खिशात घेऊन फिरायचा.

स्वभाव वाईट. हे आधीच सांगतो, नाहीतर मेलेला माणूस म्हणून मी देव करतोय असं वाटेल. भांडखोर, हेकट, उपकार केले तरी बोलून दाखवणारा. कोतीत कोणी चहाचा कप घेऊन आला तर कपासकट बाहेर. बंदूक पुसायला त्याला जुन्या सुती लुगड्याची चिंधीच लागायची. सरकारी कापडाला तो नाक पुसायचा कपडा म्हणायचा. क्वार्टरमधल्या बायकांकडून जुनी पातळं मागून आणायचा आणि दारात उभा राहून ती उजेडाला धरून तपासायचा.

"वैनी, ह्यात नायलॉन आहे."

"भाऊजी, लग्नातलं पातळ आहे ते. काळजावर दगड ठेवून देते आहे."

"मग काळजाजवळ ठेवा. मला सुती द्या."

आणि ती द्यायची. माझ्या बायकोच्या निम्म्या पातळांनी आमच्या खात्याच्या बंदुका पुसल्या गेल्यात. हे कुठल्या साहेबाला ठाऊक नाही.

आता ती रायफल कशी चालते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते. त्याच धक्क्यानं रिकामं टरफल बाहेर पडतं आणि खालच्या डब्यातली पुढची गोळी आपोआप वर चढून नळीत बसते. पुन्हा चाप, पुन्हा गोळी. मध्ये हात लावायला लागत नाही. तो खालचा डबा म्हणजे मॅगझिन. त्यात एक स्प्रिंग असते, ती गोळ्यांना वर ढकलत राहते. ती पुढची गोळी वर आली नाही, वाकडी आली, अर्ध्यात अडकली, की बंदूक म्हणजे नुसतं लोखंड. माझ्या हातातला रंधा तिच्यापेक्षा कामाचा.

रायफल अडली की नागवेकरची एक रीत होती. आधी मॅगझिन बघायचं. मग गोळी. मग बंदूक. आणि सगळ्यात शेवटी माणूस. हा क्रम तो कोणासाठी बदलायचा नाही. बाकी सगळं खातं उलटं चालायचं. बंदूक अडली की आधी शिपायाला उभा करायचे. काय केलंस, कशी धरलीस, कोणी शिकवलंन तुला. तोवर नागवेकर खाली बसून मॅगझिन उघडत असायचा. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "बंदूक अडत नाही. तिला कोणीतरी अडवतं."

एका पावसाळ्यात गार्डावरच्या रायफली लागोपाठ अडायला लागल्या. वरून निरोप आला, गोळ्या खराब आहेत, कंपनीला लिहा. नागवेकरनं सगळी मॅगझिनं मागवली, एकेकात अंगठा घालून दाबून बघितली आणि एका बाजूला ढीग केला. गार्डावर मॅगझिन गच्च भरून महिनोन्महिने तसंच ठेवायचे. स्प्रिंगा दबून दबून मेल्या होत्या. गार्डाच्या जमादाराला म्हणाला, "तुला भरल्या पोटावर तीन महिने ओणवा उभा केला तर तू सरळ होशील काय?" तेव्हापासून मॅगझिन थोडं रिकामं ठेवायचं आणि आठवड्याला बदलायचं, असं ठरलं. कंपनीला लिहायचं राहिलं.

आणखी एक हिवाळ्यातलं. बंदराकडच्या चौकीवर पहाटे रायफल उघडेना. गोळी वर यायचं नाव नाही. इथं समुद्राचा वारा, लोखंड एका रात्रीत लाल होतं, म्हणून गडी तेल घालत राहतात. सरकारी तेल संपलं होतं, तर ह्या शहाण्यानं घरातलं खोबरेल घातलंन. थंडी पडली आणि आत तेल थिजलं. नागवेकरनं मॅगझिन उघडलं, आतला पांढरा गोळा नखानं काढला, वास घेतला आणि त्या शिपायाच्या टकलाला चोळला. "हितं लाव. हितं गरज आहे." तो शिपाई माझ्या गावचा. आता नातवंडं आहेत त्याला, अजून त्याला खोबरेल म्हणतात.

पण ह्याचंही सगळं बरोबर असायचं असं नाही. आमच्या घरचा मिक्सर बंद पडला तेव्हा हा येऊन बसला. आधी भांडं, मग पातं, मग मोटार, असा आपला क्रम. सगळा मिक्सर वर्तमानपत्रावर पसरला. अर्धा दिवस गेला. माझी बायको वाटण पाट्यावर वाटून, जेवण करून, त्याला वाढून मोकळी झाली. मग तिनं भिंतीवरचं बटण दाबून बघितलं. ते आधीपासून बंदच होतं. मिक्सर सुटा पडला होता म्हणून बरं, नाहीतर त्याचीच बोटं गेली असती. पुढं कित्येक वर्षं तो दारात आला की ती विचारायची, "भाऊजी, बटण बघितलंत काय?" आणि हा हेकट माणूस एकदासुद्धा म्हणाला नाही की चुकलं. म्हणायचा, "बटण माझ्या क्रमात नाही."

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा होते. मीसुद्धा माझी करवत, वाकस, रंधा मांडतो. कोतीसमोर पांढरी चादर घालून रायफली मांडतात, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. मोठे साहेब आणि त्यांच्या मिसेस येतात, फोटो निघतात. नागवेकर पूजेला आडवा यायचा नाही. स्वतः आंघोळ करून, धुतलेला ड्रेस घालून मांडणी करायचा. पण त्याची एक शिस्त होती. मॅगझिनं काढून आत कुलपात ठेवायची आणि रायफलीत जिथं जिथं भोक आहे तिथं तिथं चिंधी घालायची. मग काय कुंकू टाकायचं ते टाका. दरवर्षी कोणीतरी कुरकुर करायचं, मॅगझिनशिवाय फोटो बरा येत नाही. हा ऐकायचा नाही.

त्या वर्षी तो तिथं नव्हता. तो माझ्या बायकोजवळ होता.

तिचं ऑपरेशन नेमकं त्याच दिवशी आलं. पोटात गाठ होती. रक्त लागणार म्हणाले, माझं जुळेना, मुलगी चिपळूणहून यायची होती. मी त्याला फोन केला नाही. कोणी सांगितलं ते आजवर मला ठाऊक नाही. मी इस्पितळाच्या जिन्यात बसलो होतो, तर हा धुतलेल्या ड्रेसात, कपाळाला गंध लावून समोर उभा. "कुठं द्यायचं रक्त?" म्हणाला. दिलं, आणि मग गेला नाही. दसऱ्याचा दिवससुद्धा बसून होता, कारण तिचा ताप उतरेना. कोतीच्या किल्ल्या हाताखालच्या नाईकाकडे दिल्या होत्या, मॅगझिनं आत ठेव, चिंध्या घाल, हे तोंडी सांगितलं होतं. रजेचा अर्ज नाही. वर फोन केला होता. "जा" असं फोनवर साहेबच म्हणाले होते.

नाईकानं मॅगझिनं आत ठेवली होती, हेही खरं. पण फोटोवाला आला आणि साहेब म्हणाले, रायफली पूर्ण दिसू देत, मॅगझिनशिवाय बंदूक म्हणजे दात पडलेली म्हातारी. नाईक बिचारा काय बोलणार. मॅगझिनं लावली. नळीत काही नाही हे दिसावं म्हणून रायफली वरून उघड्या ठेवतात, तशा ठेवल्या. चिंध्या राहिल्या. आणि मिसेसनी कुंकवात भिजवलेल्या अक्षता मुठीमुठीनं टाकल्या. साहेबांनीही टाकल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी वरून पुसलं. मॅगझिन कोणी उघडलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फायरिंगची परीक्षा होती. नवीन भरतीतली सुवर्णा म्हणून एक पोरगी होती, पालीकडची, बाप बाजारात भाजी विकायचा. अजून कायम व्हायची होती. फायरिंगमध्ये मागे एकदा थोडक्यात राहिली होती, ही दुसरी वेळ. आता राहिली तर घरी. तिच्या रायफलीतून दोन गोळ्या सुटल्या आणि तिसरी वर येईना. तिनं शिकवल्याप्रमाणं खिट्टी ओढली, पुन्हा लावली, पुन्हा अडली. वेळ संपली. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरींच्या हातात लाटणं द्यायला हवं, ते सोडून रायफली दिल्यात."

नागवेकर इस्पितळातून सरळ तिकडं गेला होता. हे सगळं मला त्यानं संध्याकाळी बायकोच्या खाटेशी बसून सांगितलं. पोरगी रडत होती. तिच्याशी तो एक शब्द बोलला नाही. खाली बसला, मॅगझिनचा तळ सरकवला, आणि त्याच्या तळहातावर लाल तांदूळ पडले. तेलात आणि कुंकवात चिकटून त्यांचा लगदा झाला होता. एक दाणा स्प्रिंगच्या वरच्या पट्टीच्या कडेला पाचरीसारखा बसला होता. पट्टीच वर सरकत नव्हती, तर गोळी कुठून येणार. दुसऱ्या रायफलींची मॅगझिनं उघडली, त्यातल्या काहींतसुद्धा तेच.

तो तळहात तसाच घेऊन तो साहेबांकडे गेला. "साहेब, बंदूक अडली नाही. अडवली."

साहेबांनी बघितलं आणि आजूबाजूला कोण आहे ते बघितलं. म्हणाले, "हे टाकून दे. हे रिपोर्टात यायचं नाही."

माझी बायको उशीला टेकून ऐकत होती. आवाज उरला नव्हता तिला, तरी बोलली. "भाऊजी, तुम्ही माझ्याकडं बसलात म्हणून हे झालं."

"तुमच्यामुळं काय झालं? तुम्ही तांदूळ टाकलात काय?"

"तुम्ही तिथं असतात तर..."

"वैनी, माझा क्रम ठाऊक आहे ना. त्यात इस्पितळ नाही. झोपा."

ती झोपली नाही. रात्रभर छताकडं बघत होती, ते मला दिसत होतं.

चार-आठ दिवसांनी मला ऑफिसात बोलावलं, साहेबांच्या खोलीला लागून कारकुनाचं कपाट होतं, त्याचं बिजागर सुटलं होतं. कारकून तोच, परवाचा बिस्कीटवाला. मी खाली बसून स्क्रू पिळत होतो. सुताराकडं कोणी बघत नाही, तो म्हणजे कपाटाचाच भाग. आत नागवेकरला बोलावलं होतं. दार अर्धं उघडं. शब्द न् शब्द मी ऐकला.

साहेब ओरडले नाहीत. गोड बोलत होते. "नागवेकर, बस. किती सर्व्हिस राहिली? थोडीच ना? बढतीच्या यादीत तुझं नाव आहे. उगाच कशाला डोक्याला ताप? दोन ओळी लिही. रायफल सुस्थितीत होती, शिपायानं हाताळण्यात चूक केली. सही कर. पोरगी लहान आहे, दुसरीकडं कुठंतरी लागेल. तिच्या लग्नाचं वय आहे."

"साहेब, मॅगझिनमध्ये अक्षता होत्या."

"पूजेच्या अक्षता म्हणून लिहिणार तू? कागद वर जाईल. पेपरात येईल. लोकांच्या भावना असतात."

"पूजा वाईट असं लिहीत नाही. मॅगझिन लावून पूजा केली, एवढं लिहितो."

"कोणी लावलंन मॅगझिन?"

नागवेकर म्हणाला, "ते तुम्हाला ठाऊक आहे."

मग साहेब म्हणाले, आवाज तसाच गोड, "त्या दिवशी तू कुठं होतास? कोत सोडून? अर्ज दाखव. अर्ज नाही. मी जा म्हणालो त्याचा काही पुरावा? नाही. मग आता बघ. तू त्या पोरीचं लिहिलंस तर तू कुठं होतास ते कोणी विचारणार नाही. नाही लिहिलंस तर मला विचारावंच लागेल."

मी बिजागर सोडून उभा राहिलो. हातात स्क्रू ड्रायव्हर होता. कारकुनानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. म्हणजे त्यानंही ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं, आणि परवा मला विचारतो, निष्काळजीपणा केलेला तो नागवेकर काय.

आतून नागवेकरचा आवाज आला. "विचारा, साहेब." एवढंच. खुर्ची मागं सरकवल्याचा आवाज, आणि बाहेर आला. मला बघून म्हणाला, "बिजागर उलटं लावतोयस, मेस्त्री."

त्या संध्याकाळी मी त्याच्याशी भांडलो. आयुष्यात भांडलो नव्हतो एवढा. इस्पितळाच्या फाटकाबाहेर, रिक्षावाले बघत होते. म्हटलं, "लिहून टाक दोन ओळी. ती पोरगी तुझी कोण लागते? तुझी बढती, तुझं नाव, सगळं घालवतोस ते कोणापायी? तुला हौस आहे, मी खरा म्हणून मिरवायची."

"असेल हौस," तो म्हणाला.

"मग मी जाऊन सांगतो. तू माझ्या बायकोला रक्त देत होतास म्हणून सांगतो. डॉक्टरची चिठ्ठी आणतो."

"तू गेलास तर नाईकाला धरतील. किल्ल्या त्याच्याकडं होत्या. त्याची तीन पोरं आहेत. तुझं तोंड बंद ठेव."

"आणि तुझं काय?"

"माझं बघू."

"अरे, पण ती काय तुझं नाव घेणार आहे काय उद्या?"

तो चिडला तेव्हा. अर्धा मिटलेला डोळासुद्धा उघडला. म्हणाला, "मेस्त्री, लाकडाला भेग असली तर तू रंध्याला शिव्या देतोस काय? मॅगझिनमध्ये तांदूळ आणि मी लिहू, पोरीचा हात चुकला? मग इतकी वर्षं मी मॅगझिन उघडत कशाला बसलो? सरळ माणसांनाच धरलं असतं, सगळे धरतात तसं."

राग मात्र गेला नाही. आजही गेलेला नाही. मला त्याचा राग येतो, साहेबाचा येतो, त्या कारकुनाचा येतो, आणि अक्षता टाकणाऱ्या त्या बाईचा येतो, जिला आजवर ठाऊकही नसेल की तिच्या मुठीनं काय केलंन.

त्यानं रिपोर्ट लिहिला. मॅगझिनमध्ये तांदळाचे दाणे, स्प्रिंगची पट्टी अडकली, शिपायाची चूक नाही. मी बघितला नाही, त्यानं सांगितलं. ह्याच्यामुळं पोरीला पुन्हा एकदा फायरिंग द्यावी लागली, दुसऱ्या रायफलीवर. ती पास झाली. आणि ह्याच्यावर चौकशी बसली. परवानगीशिवाय कोत सोडली, निष्काळजीपणा. यादीतलं नाव गेलं. कोत काढून घेतली. गेटवर बसवला, हातात काठी देऊन. बंदुकीला हात लावायचा नाही असा लेखी हुकूम. इतकी वर्षं ज्याच्या हाताखालून त्या खात्याची प्रत्येक बंदूक गेली त्याला लेखी हुकूम, की हात लावायचा नाही.

माझी बायको मार्गशीर्षात गेली. घरीच आणली होती तिला. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हती, पण मध्येच शुद्ध आली की हेच. "भाऊजींना गेटवर घातलानी ना? माझ्यापायी." मी सांगायचो, नाही गो, परत कोतीत घेतलानी त्याला. ती माझ्याकडं अशी बघायची की माझं खोटं मलाच गिळवत नव्हतं. नागवेकर स्वतः यायचा, शेजारी बसायचा, तोच डोळा बारीक करून म्हणायचा, "वैनी, गेटवर मस्त आहे. वारा येतो. कोतीत घुसमटायचो." ती तोंड फिरवायची. गाठीनं गेली ती, हे खरं. पण हे ओझं तिच्या उरावर कोणी ठेवलंन? पोटातली गाठ डॉक्टरनं काढलीन. ही कोण काढणार होता? कोणीतरी एक माणूस, एकदा, येऊन तिला सांगता ना की बाई, तुमचा काही संबंध नाही, आमची चूक झाली. दोन पावलांवर साहेबांचा बंगला होता. कोणी आलं नाही. नागवेकर मात्र तिला खांदा द्यायला आला, गेटवरच्या ड्युटीची वेळ कोणाशी तरी बदलून. ह्या वेळेला अर्ज देऊन.

तिच्यानंतर मी कामाला जायचं सोडलं. कोतीच्या पडवीत बसून जाळीपलीकडं दुसऱ्या कोणाला बघणं मला जमलं नसतं. नागवेकरच्या रिटायरमेंटला थोडे दिवस राहिले असताना मी शेवटचा तिकडं गेलो, माझी उरलेली हत्यारं आणायला. तो गेटवर स्टुलावर बसला होता. मी त्याच्याशेजारी कठड्यावर टेकलो. विरारला जाणार म्हणाला, मुलीनं गॅलरीत जागा केलीय झोपायला.

तेवढ्यात आतून गार्ड बदलायला टोळी निघाली. चौघेजण, खांद्याला रायफली. मागून दुसरी ती होती. सुवर्णा. अंगानं भरली होती, चालणं ताठ, दंडाला कायम झालेल्यांची पट्टी. आमच्यापासून हातभर अंतरावरून गेली. समोर बघत गेली. ना मान हलली, ना पापणी. गेटवर नुसता दगड बसलाय असं गेली.

मी उठलो. म्हटलं, "ए पोरी." नागवेकरनं माझं मनगट धरलं. त्या माणसाच्या बोटात अजून लोखंडाची ताकद होती. टोळी वळणावरून गेली. मी म्हटलं, "सोड मला. विचारतो तिला. लाज नाही वाटत?"

"तिला साहेबानं सांगितलं असेल. ह्याच्याशी बोलायचं नाही म्हणून."

"सांगू देत. नुसतं बघायला काय जातं?"

तो काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून, रस्त्याकडं बघत, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाला, "एकदा तरी बघायला हवं होतंन तिनं."

इतक्या सगळ्यात त्याच्या तोंडून निघालेली ही एकच तक्रार. बाहेर हॉर्न वाजला. साहेबांची गाडी. नागवेकर उठला, टोपी सारखी केली, दोन्ही हातांनी गेट ओढून उघडलं, आणि टाच आपटून सलाम ठोकला.

गाडीची काच वर होती. गाडी आत गेली आणि पडवीजवळ वळून दिसेनाशी झाली, तरी त्याचा हात कपाळाशीच होता. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो. मागं बघितलं तेव्हा तो गेट बंद करत होता.